डाव्या हातावरचा मोजा

पणदऱ्यात जोतीराम आबांची गाय विकत घ्यायची तर आधी दवाखान्यात खाट सांगून ठेवावी, असं सर्जेराव चारचौघांत खुशाल सांगायचे. त्याला कारणही तसंच होतं. सगळं जग गाईच्या ज्या अंगाला बसून धार काढतं, त्याच्या नेमकं उलट्या अंगाला जोतीराम आबा बसत. माणूस पक्का डावखुरा. त्यांच्या गोठ्यात वाढलेल्या गाईला वाटायचं, माणसाची जात अशीच असते. मग ती विकली गेली आणि नव्या मालकानं आपल्या सवयीच्या बाजूला बूड टेकलं, की बसलीच लाथ. सर्जेरावांनी अशी एक गाय नेली होती. तिसऱ्या दिवशी ते चरवीसकट शेणात बसले आणि तसेच भरल्या धोतरानं आबांच्या दारात आले.

"गाय परत घ्या."

"गाय सोन्यासारखी हाय," आबा म्हणाले. "तुमीच उजवे निघाला, त्याला ती बिचारी काय करणार?"

डावरेपणाचा हा ताठा आबांना उगाच आला नव्हता. शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात सुतळीनं कमरेच्या करदोट्याला बांधून ठेवला होता, तोही दोन वर्षं. पूजेच्या प्रसादाला चुकून डावा हात पुढं गेला म्हणून चुलत्यानं पंगतीत कानफटात दिली होती. बनाबाईला बघायला गेले तेव्हा पोह्यांना डावा हात घातला, तर आतल्या खोलीत कुजबुज झाली की नवऱ्याचा उजवा हात अधू दिसतोय. मग सासऱ्यानं, "पावणं, तेवढी बादली सरकवा की," म्हणून भरलेली बादली उजव्या हातानं उचलायला लावली आणि मगच सुपारी फोडली. बनाबाई अजून म्हणते, त्या बादलीत पाणी जरा जास्त पाहिजे होतं.

एवढं सोसलेल्या माणसाला साठीनंतर डावखुरी नात व्हावी, म्हणजे काय झालं असेल बघा.

नात छकुली. आबांचा मुलगा गोकुळ बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, मोटरसायकलवर येऊन-जाऊन. सून अनिता इंदापूरकडची. छकुली दीड-दोन महिने आधीच जगात आली आणि बावीस दिवस काचेच्या पेटीत राहिली. घरी आली तेव्हा आबांच्या एका पंजात मावत होती. पण पुढं अंग धरलं, हसायला लागली आणि सहाव्या महिन्यात आबांनी शोध लावला. खुळखुळा समोर धरला, की पोरगी डाव्या हातानं घेते. उजवीकडं धरला, तरी डावा हात छातीवरून पार पलीकडं नेऊन घेते.

"रक्त हाय, रक्त!" आबा ओरडले आणि बारामतीला जाऊन पेढे घेऊन आले. सर्जेरावांच्या हातावर तर मुद्दाम दोन ठेवले.

घरात एकट्या बनाबाईनं पेढा हातात धरून ठेवला. म्हणाली, "अवो, पर हिची उजवी मूठ उघडत न्हाय. अंगठा आत दाबूनच असती. न्हाऊ घालताना तळव्यातला मळ काढाया बोटं उकलावी लागत्यात."

"डावऱ्या माणसाला उजव्या हाताचं काय काम? माझाबी जन्मभर नुस्ता लोंबतोय."

"तुमचा लोंबतोय. हिचा लोंबत न्हाय, आखडतोय."

आबांनी ते ऐकलं नाही. पुढचे दोन महिने त्यांनी छकुलीला जे जे दिलं, ते डाव्या हातात दिलं. बिस्कीट डाव्यात, चमचा डाव्यात, स्वतःच्या मिशा डाव्यात.

मग अनिता आठ दिवस माहेरी गेली आणि तिथं लसीचा दिवस आला. इंदापूरच्या पोरांच्या डॉक्टरनं सुई टोचायच्या आधी छकुलीच्या तोंडावर अलगद रुमाल टाकला. तिनं डाव्या हातानं ओढून काढला. डॉक्टरनं तो हात धरून ठेवला आणि पुन्हा रुमाल टाकला. पोरगी रुमालाखाली कुरकुरली, डोकं हलवलं, पण उजवा हात काही आला नाही. डॉक्टरनं बारामतीतल्या थेरपिस्ट बाईंच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

अनितानं फोनवर हे सांगितलं आणि आबा पेटले.

"एका रुमालावरनं आमची पोरगी नापास केली? इंदापूरवाल्यांना बारामती तालुक्याचं काय चांगलं बघवलंय का कधी?"

"मामा, मीबी इंदापूरचीच हाय," अनिता म्हणाली.

"तू आता हितली हाय. म्हणून तर सांगतोय."

बारामतीला जायच्या दिवशी गोकुळनं सुट्टी काढली. अनिता, पोरगी आणि तो, एवढ्यांनी भागलं असतं. पण आबा धुतलेलं धोतर नेसून भाड्यानं ठरवलेल्या जीपमध्ये आधीच जाऊन बसले होते. भांडायला घरचं माणूस लागतं, असं त्यांचं म्हणणं.

थेरपिस्ट सुप्रिया मॅडम चणीनं एवढीशी. आबांना वाटलं, हिच्याशी काय भांडायचं, पोरगीच आहे. ती सरळ सतरंजीवर छकुलीसमोर बसली. एकेक खेळणं मधोमध ठेवायची, काही बोलायची नाही, नुसती बघायची आणि लिहायची. सगळं झाल्यावर तिनं आबांनाच विचारलं, "आबा, तुम्ही डावखुरे आहात हे किती वर्षांचे असताना कळलं?"

"मला कशाला कळतंय? लोकांनीच बोंब मारली. असंन तीन-चार वर्षांचा."

"बरोबर. वर्षाच्या आतलं मूल डावं-उजवं करत नाही. जो हात जवळ असेल तो घालतं. सात-आठ महिन्यांचं बाळ एकच हात वापरत असेल, तर तो हात हुशार आहे असं समजायचं नाही. दुसऱ्याला काय झालंय ते बघायचं."

मग तिनं अनिता आणि गोकुळला समजावून सांगितलं. जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूला इजा झाली आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पायाला थोडं आहे, हाताला जास्त. इजा पुसली जाणार नाही. पण हात शिकू शकतो आणि त्याचे शिकायचे दिवस हेच आहेत. वापरला नाही, तर तो हात आपल्याला आहे हे पोरगी विसरेल.

"दोन महिने आधी आला असता तर आणखी बरं झालं असतं," ती म्हणाली. तिनं कुणाला बोल लावला नाही. अनितानंही कुणाकडं पाहिलं नाही. पण गावभर वाटलेले पेढे एकदम आबांच्या घशाशी आले.

उपाय ऐकायला सोपा होता. रोज अर्धा तास, पोरगी झोपून उठली की, डाव्या हातावर मऊ मोजा चढवायचा. उजव्या हाताजवळ खेळणं ठेवायचं. हात ओढायचा नाही, मूठ उकलायची नाही. नुसती वाट बघायची. असं सहा आठवडे.

"म्हंजे डावा हात बांधायचा," आबा म्हणाले.

"बांधायचा नाही आबा. अर्धा तास मोजा."

"आमच्या मास्तरचीबी सुतळीच हुती. साखळदंड नव्हता."

आणि ते उठून बाहेर जीपपाशी जाऊन उभे राहिले.

आता दैवाची गंमत बघा. छकुली झोपून उठायची दुपारी तीनला. त्या वेळी गोकुळ कंपनीत, अनिता घास कापायला, बनाबाई गोठ्यात. घरात रिकामं माणूस एकच. मोज्याचं काम आबांच्याच गळ्यात पडलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मोजा चढवला. छकुलीनं हाताकडं पाहिलं, मग आबांकडं पाहिलं आणि खालचा ओठ बाहेर काढला. आबांनी लगेच मोजा उतरवला. दुसऱ्या दिवसापासून तर चढवलाच नाही. दोघं मिळून डाव्या हातानं मजेत बिस्कीट खायचे. मोजा उशीखाली.

संध्याकाळी अनिता विचारायची, "झालं का मामा?"

"झालं की."

"उजव्यानं काय केलं आज?"

इथं आबांनी नुसतं "काय न्हाय" म्हणायला हवं होतं. पण जन्मात ज्यांनी कुठली गोष्ट आहे तेवढीच सांगितली नाही, ते आताच कुठून सांगणार? पहिल्या दिवशी त्यांनी एक बोट हलवलं. चौथ्या दिवशी चमच्याला हात लावला. नवव्या दिवशी वाटी ओढली. अनिता कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. गोकुळनं कंपनीत सांगितलं, तर लोकांनी त्याच्याकडून चहा काढला. पोरीची मूठ मात्र होती तशीच होती, आणि घरात ते दिसत होतं फक्त दोघांना.

दुसरी बनाबाई. तेराव्या दिवशी ती गोठ्यातलं काम अर्ध्यावर टाकून आली, उशीखालून मोजा काढला आणि नाकाशी धरला.

"पोरगी दात काढतीया," ती म्हणाली. "हाताला लागंल ते तोंडात घालती. अर्धा तास मोजा घातला, तर पिळून वाळत घालाया लागंल. ह्यो बारा दिवसांत एकदाबी वलला न्हाय. दुकानातला वास अजून तसाच हाय."

आबांनी छपराकडं पाहिलं. मग म्हणाले, "बांधलेला हात कसा लागतो, ते तुला ठावं न्हाय बने."

"न्हाय ठावं. पर तुमचा दुसरा हात धडधाकट हुता. बाबानं बादली उचलायला लावून बघितलाय. हिचा मरायला लागलाय. मास्तर मेला, चुलता मेला, त्यांच्यावरचा रुसवा ह्या पोरीच्या अंगावर काढताय व्हय?"

आबांनी मान डोलावून कबूल केलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे फार वेळा घडलेलं नव्हतं.

बनाबाईनं आत जाऊन गोकुळचा एक जाड मोजा आणला. बुटात घालायचा, कंपनीतला. तो तिनं आबांच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत चढवला आणि छोटा मोजा छकुलीच्या.

"आता बसा दोघंबी. तिचा हाय तवर तुमचा हाय. आणि अनिताला मी सांगत न्हाय. ते तुमचं तुमी सांगायचं."

तो अर्धा तास आबांना लोणी भापकर गावापर्यंत चालत जाऊन आल्यासारखा लांब वाटला. आधी तंबाखू मळायला गेले. उजवा अंगठा चुन्याच्या डबीवर नुसता घसरत राहिला, तंबाखू मांडीवर सांडली. बंडीचं बटण लागेना. माशी नाकावर बसली, तर हाकलायला गेलेला हात स्वतःच्याच डोळ्यात गेला. छकुली हे सगळं टक लावून बघत होती. तिनं यावेळी ओठ काढला नाही. आपल्यासारखाच मुका हात घेऊन बसलेलं म्हातारं माणूस तिला करमणुकीचं वाटलं असावं.

तिसऱ्या दिवशी सर्जेराव आले. ओट्यावर थबकून त्यांनी नीट पाहून घेतलं.

"आबा, थंडी एकाच हाताला वाजती व्हय?"

"या, बसा. चहा घ्या," आबा म्हणाले आणि उजव्या हातानं किटली उचलून त्यांनी चहा ओतला. तो बराचसा सर्जेरावांच्या गुडघ्यावर पडला.

"मुद्दाम केलं ह्यांनी!" सर्जेराव उड्या मारत बनाबाईला सांगू लागले.

"न्हाय वो," बनाबाई म्हणाली. "मुद्दाम केलं असतं तर नेम चुकला असता. डावरंच हाय ते."

पण त्या मोज्यानं आबांना एक गोष्ट शिकवली, जी सुप्रिया मॅडमच्या तोंडून शिरली नव्हती. मुक्या हाताला बारीक वस्तू नको असते, जड नको असते, लांबची तर नकोच. मोठी, हलकी, हाताशी आलेली आणि जरा धक्का लागला तरी बोलणारी वस्तू पाहिजे. त्यांनी प्लास्टिकची रिकामी बाटली घेतली, आत मूठभर ज्वारी टाकली, बूच गच्च बसवलं आणि छकुलीच्या उजव्या मुठीपासून चार बोटांवर ठेवली.

आता वाट बघायची. हे सगळ्यांत अवघड. मूठ जरा हलली, की आबांचा हात बाटली पुढं सरकवायला शिवशिवायचा. लहानपणी मेंढरं राखताना बाप सांगायचा, कोकराच्या तोंडात आचळ कोंबू नको, त्याला हुडकू दे. आबा स्वतःला ते पुनःपुन्हा सांगायचे. आणि तरीही राहवेना, तेव्हा तोंडाला काम म्हणून छकुलीला गावच्या भानगडी सांगू लागले. कुणाच्या बांधाचा दगड रात्रीतून कसा चालला, कोण कुणाच्या लग्नात रुसून जेवल्याशिवाय गेला आणि दारामागं उभा राहून लाडू खाऊन आला, पतसंस्थेच्या निवडणुकीत कुणी दोन्ही बाजूंचं मटण कसं खाल्लं. आठ महिन्यांच्या पोरीला पणदऱ्याची एवढी माहिती झाली, की बोलायला लागली असती तर अर्धं गाव सोडून जावं लागलं असतं.

अशाच एका भानगडीच्या ऐन रंगात तिचा उजवा हात उडाला आणि मुठीची पाठ बाटलीला लागली. बाटली गडगडली, ज्वारी वाजली. छकुली दचकली. तिनं बाटलीकडं पाहिलं नाही, हाताकडं पाहिलं. ओळख नसलेला पाहुणा माजघरात येऊन बसावा, तसं बघत राहिली.

आबांनी बाटली परत ठेवली. भानगड अर्धीच राहिली.

त्या दिवशी ती तीनदा वाजली. पुढच्या आठवड्यात मुठीतून अंगठा बाहेर आला. मग बोटं सैल झाली, बाटलीवर नुसती टेकायला लागली, आणि एके दिवशी त्यांनी बाटलीचं बूच धरलं, जेमतेम दोन श्वास. संध्याकाळी अनितानं विचारलं, "आज काय केलं?" तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "बूच धरलं जरा." अनिताला ते फारच कमी वाटलं. तिच्या कॅलेंडरवर वाटी कधीच ओढून झाली होती.

सहा आठवडे भरले. बारामतीला जाताना आबांनी पिशवीत हळूच बाटली घातली. परीक्षा म्हटली की कॉपी आलीच. सुप्रिया मॅडमनं पिशवीतला आवाज ऐकला आणि हसून ती बाटलीच आधी सतरंजीवर ठेवली. मग आपली खेळणी. छकुलीनं दोन गोष्टी चुकवल्या, तिसरीला उजवा हात नेला, वाकडा, तरंगत, पण नेला, आणि धरली.

मॅडमनं लिहिलं. पेन ओठावर टेकवून जरा थांबली.

"रोज झालं का?"

"एक दिवस चुकला न्हाय मॅडम," अनिता अभिमानानं म्हणाली. "मामांनी केलंय सगळं. बेचाळीस दिवस."

"छान आहे. फक्त..." मॅडम शब्द शोधत होती. "बेचाळीस दिवसांत मला थोडं जास्त अपेक्षित होतं. काही बाळांमध्ये हात हळू शिकतो. तसं असेल तर आपल्याला पुढचं सगळं वेगळं आखावं लागेल, अपेक्षाही जरा कमी ठेवायची."

अनिताचा चेहरा उतरला. आबा खुर्चीत होते. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं; उलट नावाजलेच गेले होते. पण वहीत लिहायला पेन टेकलं होतं, आणि लिहिलं जाणार होतं ते पोरीच्या नावावर.

"लिहू नगा!" ते म्हणाले. "पोरगी हळू न्हाय. पहिले बारा दिवस मीच मोजा घातला न्हाय."

मॅडमनं पेन वहीवरून उचललं.

"म्हणजे?" अनिता म्हणाली. "तो चमचा?"

"खोटा."

"वाटी?"

"तीबी."

"आणि बोट? पहिल्या दिवशीचं?"

"बोट माझंच हललं असंन."

गोकुळ भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र फार बारकाईनं वाचू लागला. त्याला कंपनीत पाजलेले चहा आठवत असावेत. अनितानं पदर खांद्यावर सारखा केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, घरी गेल्यावर बोलू आपण." तिनं आरडाओरडा केला असता तर आबांना बरं वाटलं असतं.

सुप्रिया मॅडम मात्र वहीत आकडे खोडत होती. "बेचाळीसातून बारा गेले. म्हणजे हे सगळं तीस दिवसांत?" तिनं छकुलीकडं पाहिलं. "मग उलट चांगलं आहे. बरंच चांगलं आहे. आपण हेच पुढं चालू ठेवू. आबा, यापुढं मला रोजचं खरं पाहिजे. कमी असलं तरी खरं."

"शपथ."

"उजवा हात डाव्यासारखा होणार नाही, हे आत्ताच सांगते. तो मदतनीस होईल. डाव्यानं काम करायचं, ह्यानं धरून ठेवायचं. ताट धरायला, वही धरायला, वेणी घालताना केस धरायला."

"धरणारं माणूस मिळालं की झालं," आबा म्हणाले. "उरलेलं काम डावा करतोय, त्याची हमी माझी."

मॅडम खेळणी उचलायला वाकली. तिच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी होती, ती वाकताना छकुलीसमोर लोंबली. आणि कुणी काही म्हणायच्या आत उजवा हात वर आला आणि पट्टी धरली. मॅडमची मान तिथंच अडकली.

"अगं सोड, सोड," अनिता पुढं झाली आणि तिनं पोरीच्या बोटांना हात घातला.

"हात लावू नगा!" आबा उठले होते. "तिची ती सोडंल."

"बरोबर आहे," मॅडम वाकल्या-वाकल्या म्हणाली. "हिला धरण्यापेक्षा सोडणं जास्त अवघड आहे. थांबूया."

"मान दुखंल तुमची."

"दुखू दे."

सगळे थांबले. दारात पुढच्या पेशंटची आई पोराला कडेवर घेऊन येऊन उभी राहिली, आणि आत एक बाई ओणवी, तीन माणसं पुतळ्यासारखी, हे काय चाललंय ते तिला कळेना. छकुली आपल्या मुठीकडं बघत होती. कपाळाला आठी, जीभ बाहेर. मूठ आणखीच आवळली. मग मनगट जरा खाली वाकलं, करंगळी सुटली, तिच्या शेजारचं बोट सुटलं, बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग पट्टी अलगद निसटली.

मॅडमनं मान वर करायला सुरुवात केली, तोवर तो हात पुन्हा निघाला होता. एकदा चुकला. दुसऱ्यांदा पट्टी धरली.

आबांनी आपली खुर्ची उचलली, दारातल्या बाईजवळ नेऊन ठेवली.

"बसा बाई," ते म्हणाले. "हितं येळ लागंल."